जोत्यातल्या जाळ्या

परळच्या त्या दगडी इमारतीत पूर्वी कॅथलिक पाद्री घडवले जात. आता तिथे एका सरकारी खात्याचं प्रशिक्षण केंद्र होतं आणि जुन्या प्रार्थनागृहात फायलींची कपाटं होती. तिथल्या उत्तरेकडच्या भिंतीला ओल चढत होती. ती थांबवायचं काम मेघना राणेकडे येऊन चौदा महिने झाले होते.

मेघना जुन्या इमारतींची कामं करणारी आर्किटेक्ट. या काळात तिने तीन अहवाल दिले. तिन्हींवर उपसंचालक उन्मेष देवस्थळींचा एकच शेरा पडला: ‘वॉटरप्रूफिंग करावे.’ ते दोनदा करून झालं होतं. दोन्ही वेळा गिलावा फुगून पडला होता.

ज्यांनी ही वास्तू बांधली ती माणसं विचारी होती, म्हणून तिला जास्त चीड यायची. वरच्या मजल्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्यांना खिडक्या डोक्याच्या वर होत्या. पोरांना वारा-उजेड मिळावा, पण रस्त्यावरची मजा दिसू नये. इतक्या बारकाईने बांधणाऱ्यांना जमिनीतली ओल सुचली नसेल, हे तिला पटेना.

बाबुरावांमुळे उलगडा झाला. ते इथले निवृत्त शिपाई, पेन्शनच्या कागदासाठी आले होते. त्यांचे वडील पाद्र्यांच्या सेमिनरीत माळी होते.

“या लादीखाली पोकळ आहे, बाई,” ते म्हणाले. “बाहेरून जाळीची भोकं होती. हवा आरपार जायची. बाबा त्यातला पाला काढायचे.”

“मग ती भोकं कुठे गेली?”

“अंगणात भर घालून ब्लॉक बसवले ना. गाडली सगळी.”

मेघनाने गवंडी राजेशकडून कडेचे ब्लॉक उचकटून घेतले. जोत्यात सात लोखंडी जाळ्या निघाल्या. दहा दिवसांत ओलीची रेघ चार बोटं खाली उतरली. तिने फोटो जोडून चौथा अहवाल दिला.

पुढच्या सोमवारी ती आली तेव्हा सातही जाळ्यांवर सिमेंट थापलेलं होतं, वर ब्लॉक होते, आणि आत राजेश भिंतीला टाइल्स लावत होता.

ती तशीच देवस्थळींच्या केबिनमध्ये गेली.

“गुरुवारी सचिव येतायत,” ते म्हणाले. “त्यांना खड्डे दाखवायचे का? आणि उंदीर शिरतात.”

“जाळ्या आहेत, सर. उंदीर शिरणार कुठून?”

“टाइल्समागे ओल दिसणार तर नाही ना?”

“दिसणार नाही, पण चढत राहील. वरच्या तुळयांपर्यंत जाईल.”

“तेव्हा बघू.”

“तेव्हा तुम्ही इथे नसाल.”

“तुम्हीही नसाल,” ते शांतपणे म्हणाले आणि पुढची फाइल ओढली.

मेघना केबिनमधून निघाली. तिने बाहेरच्या बाकावर बसून एक नकाशा काढला. सातही जाळ्या, कोपऱ्यापासूनचं प्रत्येकीचं अंतर. तो घेऊन ती आवक टेबलावरच्या नम्रताकडे गेली.

“कुठल्या फायलीत लावू, मॅडम?”

“इमारतीच्या.”

नम्रताने रजिस्टर चाळलं. “तशी फाइल नाही. रंगकामाची आहे, नळाची आहे.”

मेघनाने नकाशा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “रंगकामाच्या लावा. पण शिक्का मारून प्रत द्या.”

अंगणात राजेश थापी धूत होता. त्याने मान वर केली नाही. “साहेबांनी सांगितलं, मॅडम.”

“माहीत आहे रे,” ती म्हणाली आणि फाटकातून बाहेर पडली. भोईवाड्याच्या वळणापर्यंत गेल्यावर तिला आठवलं, छपराच्या पन्हळींची मापं घ्यायची राहिलीत. स्वतःवरच वैतागत ती मागे फिरली.