कोरड्या वाटेचा गोळा

भिवाजी गेला त्याच्या पाचव्या दिवशीच धरणाच्या कॅम्पातला वर्षाचा सामना होता, आणि भिवाजीची पाळी कोणी घ्यायची असा प्रश्न पडला.

कॅम्पाच्या क्लबात साहेबांच्या काळातली एक लाकडी वाट होती. साठ फूट लांब, सागवानी फळ्यांची, दोन्ही अंगांना पन्हळ. या टोकाला उभं राहून बोटांसाठी भोकं पाडलेला जड रबरी गोळा सोडायचा आणि त्या टोकाला मांडलेल्या लाकडी बाटल्या पाडायच्या. साहेब असताना भिवाजी वाट पुसायचा, बाटल्या मांडायचा. साहेब गेल्यावर तो खेळू लागला, आणि त्याच्याइतकं चांगलं कोणाला जमेना. घाटाखालच्या वीजघरातले लोक दर जानेवारीत सामन्याला वर यायचे आणि बहुतेक वेळा हरून परत जायचे.

स्टोअरकीपर हैबतराव कॅम्पाच्या संघाचा म्होरक्या. त्याचं म्हणणं, पाळी भिवाजीच्या घरातच राहिली पाहिजे. पण घर सुतकात होतं. थोरला मुलगा बहिरू दहावा होईपर्यंत कशाला शिवणार नव्हता. उरली जया. लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तिसऱ्या दिवशी फिटतं, तसं तिचं फिटलं होतं. न्हाऊन आल्यावर चुलती तिला म्हणाली होती, “तू मोकळी झालीस, बाय.” जया पुण्यात मुलींच्या शाळेत शिकवायची. शब्द तपासून घ्यायची तिला सवय होती. ‘मोकळी’ हा शब्द दोन दिवस तिच्या मनातून गेला नव्हता. सासरहून निरोपही आला होता, आता कधी येतेस म्हणून.

हैबतराव दारात येऊन उभा राहिला तेव्हा ती नाही म्हणायच्या बेतात होती. बाईमाणूस सामन्यात कधी उतरलं नव्हतं, हे तिनं सांगून पाहिलं. हैबतरावानं ते ऐकलंच नाही असं दाखवलं.

“ल्हानपणी टाकायचीस की तू. दुपारचं क्लबात कोण नसलं की बाप-लेक दोघं. मला काय ठावं न्हाई व्हय?”

ते खरं होतं. पण त्यानंतर लग्न झालं, शाळा आली, मुलं झाली. दर हिवाळ्यात भिवाजी, तिचा आबा, एसटीच्या कंडक्टरकडून निरोप द्यायचा: गोळे पुसून ठेवल्यात, एकदा येऊन जा. आणि जया दर वेळी त्याच कंडक्टरकडून सांगायची, पुढच्या वर्षी येते. परीक्षा असायच्या, कोणाचं आजारपण असायचं. कारणं सगळी खरी होती. म्हणूनच आता त्यांचा काही उपयोग नव्हता.

ती गेली. घरातल्या फळीवर आबाचे दोन गोळे होते, एक राखाडी आणि एक काळा. दोन्ही तिनं पोत्यात घातले. बहिरू क्लबाच्या पायरीपर्यंत सोबत आला आणि बाहेरच बसला.

आत शिरल्यावर जयानं पहिली गोष्ट केली ती आबाची. वाटेच्या तोंडाशी उकिडवं बसून तिनं बोटांची मागची बाजू फळीवर टेकवली. आबा रोज सकाळी पातळ तेलाचा बोळा फिरवायचा, लाकूड जपावं आणि गोळा सरकावा म्हणून. आज बोटाला काही लागलं नाही. फळी कोरडी ठणठणीत होती.

नसीर फिटर तिच्याकडे पाहत होता. वर्कशॉपातला आबाचा जुना सोबती.

“आमीच ठरवलं, बेटी,” तो म्हणाला. “घरात डोक्याला तेल न्हाई, आन् वाटेला कसं लावायचं? तिला रोज तेल लावणारा गेलाय.”

“पण चाचा, तुमच्यात कुठं असतं सुतक?”

“आमच्यात नसंल. वाटेला हाय.”

फळ्यांचं सुतक अजून चालू, आणि जयाचं तीन दिवसांतच फिटलेलं.

सामना सुरू झाला आणि एकेकाची फजिती होऊ लागली. वर्षानुवर्षं तेलाच्या वाटेवर खेळलेली माणसं. हातांना तीच सवय. हैबतरावाचा गोळा अर्ध्यातच लाकूड धरून वळला आणि पन्हळीत गेला. घाटाखालच्यांचा जयसिंग हसून म्हणाला, “हैबतराव, गोळा टाकताय का नांगर फिरवताय?” मग वाट कोरडी का आहे ते कोणीतरी त्याच्या कानात सांगितलं. जयसिंगानं डोक्यावरची टोपी काढली, घडी करून खिशात ठेवली, आणि पुढच्या पाळीला त्याचाही गोळा तसाच पन्हळीत गेला. त्यावर मात्र कोणी हसलं नाही.

शेवटी भिवाजीची पाळी आली तेव्हा खालचे थोडे पुढे होते. बाटल्या सगळ्या पडल्या तर कप वर कॅम्पातच राहणार होता. पण जयाच्या मनात कप नव्हता. आबानं इतक्या वेळा बोलावलं ती पाळी एकदाच मिळणार होती, आणि ती नीट टाकायची होती.

बाकावर दोन गोळे होते. सगळ्यांनी राखाडीकडे बोट दाखवलं. तो आबाचा, साऱ्या कॅम्पाच्या ओळखीचा. त्याचं अंग आबानं काचकागदानं घासून खरखरीत केलेलं होतं. तिनं त्यावर तळवा ठेवला. हा उचलून आबासारखा टाकावा, असं तिला फार वाटलं.

पण क्लबाच्या गोळ्यांवर तिला शिकवताना आबा एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचा. खरखरीत गोळा तेलाच्या वाटेसाठी. तेलातही तो लाकूड धरतो, आणि बाटल्यांपाशी वळतो. वाट कोरडी असली की तोच गोळा फार लवकर धरतो आणि वाया जातो. तेव्हा गुळगुळीत, टणक गोळा घ्यायचा. तो नुसता घसरत सरळ जातो.

तिनं काळा उचलला. काचेसारखा गुळगुळीत, कुठे ओरखडा नाही. तिनं भोकांत बोटं घातली. बोटं पेरापर्यंत गेली आणि अडली. अंगठा तर शिरेचना. आबाची बोटं तिच्या दीडपट जाड होती.

“चाचा, हा आबाचा न्हाई?”

गळ्यातल्या रुमालानं नसीरनं आधी स्वतःचे हात पुसले.

“तुजाच हाय त्यो. तुजं लगीन झालं त्या साली येक साहेब जाताना देऊन गेला. कोरा व्हता, भोकं न्हवती. तुज्या हळदीचा पंजा भितीवर व्हता न्हवं, त्याच्यावर सुतळी धरून मापं आणली भिवानं. भोकं मी पाडली. दर शनवारी पुसायचा त्यो.”

“मला कधी बोलला नाही.”

“आल्यावर दावतो म्हनायचा.”

त्या पंजातली मुलगी बारीक होती. चुलीचं, पाण्याचं, खडूचं काम करून जयाची पेरं सुजली होती. नसीर म्हणाला, भोकं वाढवून देतो, वर्कशॉप जवळच आहे, लोक थांबतील. तिनं मान हलवली.

“राहू द्या. आहेत तशी असू द्या.”

मग ती वाटेच्या तोंडाशी गेली, पदर खोचला, आणि गोळा पायांमध्ये खाली ठेवून दोन्ही हातांनी ढकलला. लहान मुलं ढकलतात तसा. आबानं पहिल्या दिवशी शिकवला होता तसा.

गोळा फार हळू निघाला. कोरड्या फळ्यांवर त्याचा घरघर आवाज येत राहिला, आणि तो कुठेही वळला नाही. मधल्या बाटलीला लागला, ती मागचीवर कलली, मग त्या एकामागून एक आडव्या झाल्या. डाव्या कोपऱ्यातली एक हलली, डोलली आणि उभीच राहिली.

कप घाटाखाली गेला. जयसिंगानं तो हातात घेताना जयाला नमस्कार केला.

परतीच्या उतारावरून काळा गोळा घरंगळत येऊन तिच्या पायाशी थांबला. तिनं तो पदरानं पुसला. हरल्याचं हैबतरावाला वाईट वाटलं असावं, पण त्यानं ते दाखवलं नाही. तिला म्हणाला, “सरळ गेला की गं. पुढल्या वर्षाला येशील न्हवं?”

‘पुढच्या वर्षी’ हे शब्द तिच्या तोंडापर्यंत आले. ते तिला सवयीचे होते. तिनं ते गिळले.

“वाटेला तेल कधी लावणार, काका?”

“तेराव्याला. तवर न्हाई.”

“तवर मी हाय,” जया म्हणाली. आणि गोळा दोन्ही हातांत धरून ती, बहिरू बसला होता त्या पायरीवर जाऊन बसली.