भुलीतली जाग

"तुम्हाला स्वप्न पडलं असणार, मॅडम," सर्जन हसत म्हणाले. "भूल दिली की होतं असं."

"स्वप्नात कुणी पोट फाडलं तर इतकं दुखत नाही हो," बाई म्हणाल्या.

शेजारी बसलेल्या नवऱ्यानं त्यांचा दंड हळूच दाबला. "अगं, जाऊ दे ना. बरी झालीस, घरी चाललोय. कशाला विषय वाढवतेस?"

बाई कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायच्या. सगळ्या जगावर संशय घेतला तरी संशय घेणारा 'मी' उरतोच, हे त्या दर वर्षी रंगवून सांगत. आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "पण बाई, त्या 'मी'वरून समोरचं टेबल खरं आहे हे कसं कळणार?" बाई पुस्तकातलं उत्तर देत आणि मनातल्या मनात ओशाळत.

पित्ताशयाचं ऑपरेशन चालू असताना त्यांना जाग आली. पापणी हलेना, जीभ उचलेना. आधी कळलं ते एवढंच, की मी आहे. मग दुखणं आलं, आणि ते माझंच आहे यात तिळमात्र शंका नव्हती. त्या 'मी'ला घट्ट धरून बाईंनी एकेक गोष्ट चाचपली. पाठीखालचा गारठा, कात्रीचा आवाज, माणसांचं बोलणं. कात्री वाजली की पोटात ओढ बसायची, ओढ बसली की कळ मस्तकात जायची. स्वप्नात असा मेळ बसत नाही. किंचाळता येत नव्हतं, म्हणून त्या ऐकत राहिल्या.

"टाके घालताना तुम्ही बहिणीच्या घराच्या रंगाबद्दल बोलत होतात," बाई म्हणाल्या. "पिवळा तुम्हाला मुळीच नको होता. मध्येच भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'सर, ठोके वाढलेत, या जाग्या असाव्यात.' तुम्ही म्हणालात, 'असू दे, झालंच आता.'"

सर्जनचं हसू मावळलं. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. माझ्या पोटावर वाकून."

नवरा बायकोकडे बघतच राहिला. एवढं तिनं त्यालाही सांगितलं नव्हतं.

"बरं, आता काय हवंय तुम्हाला?" सर्जननी विचारलं.

"'तुम्ही जाग्या होतात', असं माझ्याकडे बघून म्हणा."

सर्जन टेबलावरचं पेन इकडचं तिकडे करत राहिले. दार किलकिलं करून नर्सनं विचारलं, "सर, पुढच्या पेशंटला पाठवू?"

"नाही," बाईंनीच उत्तर दिलं. "आमचं व्हायचंय अजून."

निघायचं म्हणून नवरा केव्हाच उठून उभा राहिला होता. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली, आपली खुर्ची ओढून बायकोच्या खुर्चीला भिडवली आणि तो परत बसला.