झाकणाखालची तबकडी

मी विद्युतदर्शी, म्हणजे विद्युत प्रभार ओळखणारं शाळेतलं उपकरण, बोलतोय, पण माझ्या बोलण्यावर फार विसंबू नका. इतकी वर्षं कपाटात काढल्यावर खरं किती आठवतंय आणि मनाचं किती, हे माझं मलाच सांगता येत नाही. भीती मात्र लख्ख आठवते.

वर पितळी तबकडी, तिच्यातून काचेच्या बरणीत उतरलेली दांडी आणि दांडीला सोन्याच्या वर्खाची दोन पानं, एवढाच माझा संसार. टेबलाला धक्का लागला तरी वाटायचं, फाटलो.

लोकरीवर घासलेली कडक रबराची कांडी जवळ आली की मी देवाचं नाव घ्यायचो. तिच्या ऋण प्रभारापासून दूर पळत तबकडीतले इलेक्ट्रॉन खाली पानांत जायचे आणि पानं फाकायची. अशात कोणी तबकडीला बोट लावलं, की ते बोटातून निघून जात, पानं मिटत. आधी बोट आणि मग कांडी दूर केली, की पानं पुन्हा उघडत, कारण गेलेले परत आलेले नसत. याला प्रवर्तन म्हणतात.

एकदा विज्ञानाच्या नव्या बाईंचा पाठ बघायला तपासनीस आले होते. त्यांच्या शेऱ्यावर बाईंची नोकरी कायम व्हायची होती. बाईंनी कांडी आणली, पानं फाकली. बोट टेकवलं, तर पानं मिटेनात. बोट काढून कांडी दूर केली, तर मिटली ती मिटलेलीच. सगळं उलटं.

मला वाटलं, मीच बिघडलो, आता भंगार. मागच्या बाकावरून कोणी पुटपुटलं, "बाईंच्या बोटात करंट नाही." वर्ग हसला. तपासनीस हसले नाहीत, त्याची जास्त धास्ती वाटली.

बाईंनी घाम पुसला, वाकून पाहिलं आणि नखाने टकटक केलं. आवाज पितळेचा नव्हता. धूळ बसू नये म्हणून प्रयोगशाळेतल्या मामांनी मायेने माझ्या डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचं झाकण बसवलं होतं. घाबरलेल्याला स्वतःच्या डोक्यावर काय आहे तेही कळत नाही.

बाई वर्गाकडे वळल्या. "धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे असतात, वाट मिळाली की निघून जातात. प्लास्टिकमधले बांधलेले. कांडी आली की ते आपापल्या रेणूतच जरासे सरकतात, माझ्या बोटात कोणी येत नाही. कांडी गेली की होते तसे. हे ध्रुवीकरण. पानं फाकली ती खालच्या धातूतल्या प्रवर्तनाने, पण त्या धातूला माझं बोट लागलंच नाही."

झाकण काढून त्यांनी पुन्हा प्रयोग केला. पानं मिटली, मग उघडली आणि उघडीच राहिली. तपासनीस एक शब्द न बोलता निघून गेले. बाई कायम झाल्या, तरी तपासनिसांच्या त्या गप्प बसण्याची भीती आम्हा दोघांनाही पुरून उरली.

आता माझं एक पान अर्धं तुटलंय. कपाट उघडलंत तर हळू उघडा, एवढंच मागणं.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी ते तपासनीस काठी टेकत प्रयोगशाळेत आले होते. बाईंनी विचारलंच, झाकण तुम्हाला कधी दिसलं?

"वर्गात पाऊल टाकलं तेव्हाच," ते म्हणाले. "सांगितलं तर शेरा तुमच्याविरुद्ध जाणार, थांबलो तर तुम्हाला सापडेलच असं नाही; काय करावं ठरेना. तुमच्याइतकाच घाबरलो होतो, बाई."