खळीचा टप

मी बोलते आहे हो, मी. तांडापेठेत नत्थूजी कोष्ट्याच्या दाराशी उभी असते ना, ती बुटकी लाल मोटार. लांब नाक, तारांची चाकं, आणि बसायला जागा दोनच. मोटार कुठं बोलते का, असं ज्याला वाटत असेल त्यानं मला थंडीत सकाळी सुरू होताना ऐकावं. तेव्हा तर मी शिव्याच देते. उभं राहणं माझ्या अंगाला मानवत नाही. उभी राहिले की पत्र्याला गंज चढतो आणि जिवाला मुंग्या.

जन्म विलायतेतला. धावायसाठीच घडवली मला, ओझं वाहायला नाही. आगबोटीतून मुंबई, मालगाडीतून नागपूर, आणि तिथून एका तरण्या गोऱ्या साहेबाच्या हाती. तो मला कामठीच्या रस्त्यानं अशी पळवायचा की गाडीवान कासरा सोडून दोन्ही हात कानावर ठेवायचे. सत्तेचाळीस साली त्यानं सामान बांधलं, माझ्या नाकावर एक थाप मारली आणि गेला. वाटलं, वळून बघेल. बघितलं नाही.

मग दत्तोपंत आले. सचिवालयातले अधिकारी, बंगला सिव्हिल लाइन्समध्ये. शेजाऱ्याकडे नव्हती म्हणून त्यांनी मला घेतली, आणि चालवायची तर छातीच होईना. रविवारी धुवायचे, आत बसून पेपर वाचायचे आणि उतरून जेवायला जायचे. पुढं धुणंही राहिलं. चिंचेखाली उभ्या उभ्या माझ्या गादीत उंदरांची बाळंतपणं झाली. माणसांचं एक पाहून ठेवलंय मी. वस्तू मिळेपर्यंत झोप नाही, आणि मिळाली की झोपच झोप.

छप्पन साली नागपूरची राजधानी गेली. मोठमोठे लोक फायलींसकट भोपाळला निघाले. अंगणाअंगणात पलंग, कपाटं, कुंड्या विकायला मांडल्या. अशा गडबडीत दत्तोपंतांच्या बाईंना लुगडी दाखवायला नत्थूजी आला आणि मला बघून गठ्ठ्यासकट थबकला.

हा माणूस खड्ड्यातल्या हातमागावर लुगडी विणणारा. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्यात पाय सोडून दिवसभर पावड्या दाबायच्या आणि धोटा इकडून तिकडे फेकायचा. पाय सकाळपासून चालतात आणि माणूस जागचा हलत नाही. त्यानं माझं इंजिन पाहिलं नाही, चाकं पाहिली नाहीत. वाकून पायाखालच्या पट्ट्या तेवढ्या पाहिल्या.

"ह्या दाबल्या का पुढं जाते?"

"जाते की," दत्तोपंत म्हणाले. "मागंही जाते."

"मांगं नाई गेली तरी चालन."

सौदा काय ठरला तो त्या दोघांना ठाऊक. बाईंच्या ट्रंकेतून रेशीमकाठी लुगडी भोपाळला गेली एवढं मी पाहिलं.

ढकलत ढकलत मला तांडापेठेत आणली. नत्थूजीची आई जिजाबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी.

"हे काय आणलं गा? हिचे बैल कुठं हायेत?"

"पोटात हायेत, माय."

"मंग चारा कुठून घालशीन?"

नत्थूजीची बायको वच्छला सुताच्या कांड्या भरता भरता उठली, माझ्याभोवती एक फेरा घातला आणि आत डोकावली. दोन जागा. एकीवर नवरा बसणार. दुसरीवर तिची नजर जी बसली ती काही उठली नाही.

मग माझी डागडुजी सुरू झाली. बाबाराव मिस्त्री सीताबर्डीहून यायचा. उंदीर हाकलले, नळ्यांतली माती फुंकून काढली, तळाचा पत्रा चाळणी झाला होता तिथं मोडक्या मागाच्या सागवानी फळ्या ठोकल्या. गादीत तुटक्या सुताचे गुंते कोंबले. रंग द्यायला नत्थूजीनं सूत रंगवणारा गाठला. लुगड्याच्या काठाशी लाल जुळेपर्यंत नत्थूजीला चैन पडली नाही. मी तर उतावीळ झाले होते, म्हटलं अरे हिरवी कर, काळी कर, पण सोड!

सोडली, पण कशी? नत्थूजीचे पाय कोष्ट्याचे. मागावर एक पावडी दाबली की दुसरी वर येते. त्याच ठेक्यात तो माझे क्लच आणि ब्रेक दाबायचा. मी उडी मारायची, थबकायची, पुन्हा उडी मारायची. बाबाराव मागं पळत ओरडायचा, "अगा, रस्त्यावर लुगडं नोको विणू!"

त्यात सकाळी गल्लीभर ताणे पसरलेले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून बायामाणसं त्याला भाताची खळ पाजत असायची. सूत वाळेपर्यंत मी आपली गुरगुरत उभी.

तरी हळूहळू जमलं. मग माझ्या दुसऱ्या जागेवर कोण बसलं नाही ते विचारा. जिजाबाई तेलंखेडीच्या मारुतीला जाऊन आली. गल्लीतले नवरदेव बाशिंग सावरत बसले. शेजाऱ्याची आजारी बकरीसुद्धा एकदा गुरांच्या दवाखान्यात माझ्यातूनच गेली. वच्छला तेवढी राहिली. ती रोज मला पुसायची, आणि त्या गादीवर फडका जरा जास्तच वेळ फिरायचा.

एके दिवशी तिनं सासूजवळ तोंड उघडलं. "आत्याबाई, मले एकदा सक्करदऱ्याच्या तलावापर्यंत जायचं हाये."

"काय काम हाये तिथं?"

"काम नाई. जायचं हाये."

"बिनकामाची बाई घराबाहेर पडते काय वं? अन् थेबी नवऱ्याच्या खांद्याले खांदा लावून! वरून सारी गल्ली पायते. टप असता तं गोष्ट येगळी."

म्हातारीनं टाळायला म्हटलं, वच्छलेनं ते धरून ठेवलं. माझा जुना कापडी टप चिंचेखालीच कुजून गेला होता. ती म्हणाली, "टप मी करते."

आणि केला! दुहेरी सूत काढलं, ताणा केला, नत्थूजीला मागावर बसवलं. कापड असं घट्ट की सुई आत शिरेना. बाबारावानं बजावलं, "ह्याले जवसाचं तेल पाजा, पाणी धरणार नाही."

दोघंही कानावर हात ठेवून मागं सरले. कापडाला तेल? कोष्ट्याच्या घरात तेलाचा थेंब सांडला तरी लुगडं परत येतं. "आमी काय कापड पायलं नाई?" वच्छला म्हणाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या करत आले तेच तिनं केलं. भाताची दाट खळ शिजवली आणि वरून खालून दोन दोन हात चोपडली. टप वाळून ताठ झाला, टिचकी मारली की ढोलकीसारखा वाजायचा. आत बसलेली बाई सूर्यालाही दिसली नसती. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं.

सकाळी वच्छला नवं लुगडं नेसून बाहेर आली तेव्हा माझ्या डोक्यावर फक्त लाकडी कमानी होत्या. गल्लीतली मोकाट गाय शेवटची चिंधी चघळत होती, आणि तिचं वासरू माझ्या काचेवरची खळ चाटत होतं. मला ओरडताही येईना.

गल्ली लोटली. "कसा होता गा टप, नत्थू?"

"गाईले इचारा. मीठ कमी पडलं म्हणते," गर्दीतून दुसरा बोलला.

नत्थूजी कानापर्यंत लाल. "जाऊ दे वं. दिवाळीपर्यंत दुसरा विणू."

वच्छलेनं एकवार गल्लीकडे बघितलं. मग माझं इवलंसं दार उघडलं आणि बसली. अशी बसली की माझ्या कमानी कुरकुरल्या.

"चाला."

"टप गाईनं खाल्ला वं, अन् तरी बसली?" जिजाबाई ओरडली.

"पदर तं नाई खाल्ला नं, आत्याबाई!"

निघालो आम्ही. महाल पेठेतून जाताना लोक वळून वळून बघत होते. ती समोर बघत होती, पापणीही न हलवता. तलाव आला तसा नत्थूजीनं मला हळू केलं.

"आलं सक्करदरा."

"पायलं. पुढं चाला."

"पुढं कुठं?"

"मले काय माईत? म्या कधी पायलं हाये का पुढचं?"

उमरेडच्या रस्त्यानं नत्थूजी दर मैलाला विचारायचा, आणि ती हातानं नुसतं पुढं दाखवायची. साहेबाच्या हाताखालीही मी अशी धावले नव्हते. पेट्रोल संपलं तेव्हा थांबलो. भिवापुरी मिरची घेऊन येणाऱ्या एका बैलबंडीला बांधून आम्हाला घरी आणलं. नत्थूजी वाटभर शिंकत होता. वच्छला शिंकत होती आणि हसत होती.

हे सांगतेय ते छप्पनसत्तावन्नचं. आता साठ साल आहे. खड्ड्याच्या ओलीनं नत्थूजीचे गुडघे धरले, क्लच दाबवत नाही. मी पुन्हा उभी. परवा मला विकत घ्यायला वर्ध्याचा एक माणूस आला, माझं नाक उघडून सगळं बघून गेला आणि नत्थूजीनं होकाराची मान हलवली. आज तो पैसे घेऊन यायचा आहे.

पण आज सकाळी, गल्लीत ताणे पसरायच्या आधी, वच्छला किल्ली घेऊन आली. आपल्या जागेवर नाही बसली. चाकामागं बसली, नत्थूजीच्या जागेवर.

"अवो, कोणता पाय कुठं ठेवू थे सांगा."

नत्थूजी ओट्यावरून सांगायला लागला. मी खोकले, बंद पडले, पुन्हा खोकले, आणि धरलं एकदाचं. तेवढ्यात जिजाबाई काठी टेकत आली आणि दुसऱ्या जागेवर चढून बसली.

"तुमी कुठं, आत्याबाई?"

"तो नेते तं त्याच्या मनानं नेते. तू नेशीन तं मी म्हणीन तिकडं नेशीन. चाल."

"अवं, पन थो वर्ध्याचा माणूस येईन त्याले काय सांगू?" नत्थूजी ओरडला.

"सांगा, मोटार घरी नाई!"

तर निघालो आम्ही. माझी एवढीच विनंती आहे. उमरेडच्या रस्त्यावर असाल तर बैल आवरा, लेकरं उचला, आणि बाजूला व्हा. पुढं जाणं हिला येतं. थांबणं अजून शिकायचं आहे.