हलका पाय

ओगिवारा-सान महिन्याभरात तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले, तेव्हा ती दिसण्याआधी ऐकू आली. गॅरेजच्या दारात थांबताना पुढच्या चाकांतून चिरका, लांबलेला आवाज निघाला. समोरच्या थांब्यावर ट्रामची वाट पाहणाऱ्या दोन बायकांनी माना वळवल्या.

"आले तुमचे पाहुणे," काउंटरमागून फुमिए नवऱ्याला म्हणाली. "दाराला घंटी लावायचा खर्च वाचला आपला."

कुरेबायाशी हात पुसत बाहेर आला. गाडी काळी, लांबलचक, जपानी बनावटीची, फक्त मोठ्या कंपन्यांचे अध्यक्ष वापरतात त्यातली. सीटवर पांढऱ्या लेसची आवरणं, परीटघडीची. तोयामातल्या एका जुन्या औषध कंपनीची ही गाडी. मागे अध्यक्ष शिमोतोरी बसत, वय शहाऐंशी. पुढे तीस वर्षं ओगिवाराच.

"पुन्हा?" कुरेबायाशीनं विचारलं.

"पुन्हा." आपणच काही गुन्हा केल्यासारखे ओगिवारा कमरेत वाकले. "काल इस्पितळाच्या दारात अशी ओरडली की चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांनी कानांवर हात ठेवले. धाकटे साहेब तिथंच उभे होते."

धाकटे साहेब म्हणजे अध्यक्षांचा मुलगा. कंपनीचा कारभार आता तोच पाहत होता.

"काय म्हणाले?"

"या वेळी नीट झाली नाही तर विकून टाकू, म्हणाले. खुर्ची चढवता येते तसली व्हॅन भाड्यानं घेऊ. चालकासकट."

"आणि तुम्ही?"

"मी चौसष्ट वर्षांचा आहे, कुरेबायाशी-सान. मला कोण कुठं ठेवणार? पण तो प्रश्न नाही. साहेबांना मीच न्यायला हवं."

कुरेबायाशीनं गाडी वर उचलली. पहिल्या खेपेला त्यानं रस्त्यांना दोष दिला होता. बर्फ वितळवायला तोयामाच्या रस्त्यांवर जमिनीतलं पाणी फवारतात. त्यात लोह असतं, त्यानं रस्ते तांबडे होतात आणि चाकांच्या आतही गंज धरतो. त्यानं गंज खरवडला, ब्रेकच्या पॅडच्या पाठीला ग्रीस लावलं. आठवडाभर शांतता होती. दुसऱ्या खेपेला पॅडच नवे घातले. पुन्हा आठवडाभर.

आता त्यानं ते नवे पॅड काढून उजेडात धरले. पृष्ठभाग खरखरीत असायला हवा होता. तो काचेसारखा चकचकीत झाला होता.

"एक चक्कर मारू," तो म्हणाला. "तुम्ही चालवा. मी मागं बसतो."

ओगिवारांनी त्याच्या तेलकट कपड्यांकडे पाहिलं, मग लेसकडे. फुमिएनं वर्तमानपत्रं आणून सीटवर अंथरली. "बसा अध्यक्षमहाराज," ती नवऱ्याला म्हणाली. "चेहरा तरी जरा श्रीमंत करा."

लाल दिवा अजून बराच लांब होता, तोवर ओगिवारांचा पाय ब्रेकवर टेकलाही होता. दाब असा नव्हताच. गाडीचा वेग हळूहळू संपत गेला आणि अगदी शेवटच्या क्षणी पाय पुन्हा वर आला. थांब्याची शेड खिडकीत स्थिर दिसली, तेव्हा कुठे गाडी उभी राहिल्याचं कुरेबायाशीला कळलं. तेवढ्यात खालून ती किंकाळी आली.

"गाडीत काही नाही," तो म्हणाला. "दोष तुमच्या पायात आहे. ब्रेक कधी नीट लागूच देत नाही तुम्ही. नुसते गोंजारता. गोंजारून गोंजारून पॅड गुळगुळीत झालेत, म्हणून ओरडतात."

ओगिवारांनी आरशातून त्याच्याकडे पाहिलं.

"आम्हा चालकांना असंच शिकवलंय. मागं चहाचा भरलेला पेला ठेवायचे आणि गाडी थांबवायला सांगायचे. थेंब सांडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा." मग आवाज खाली आला. "आणि या हिवाळ्यापासून साहेबांच्या मणक्यांत आजार उतरलाय. हिसका बसला तर ते बोलत नाहीत काही. पण आरशात दिसतं मला. म्हणून मी आणखी हळू थांबवायला लागलो."

"तेव्हापासूनच ओरडतेय ना?"

"हो."

उपाय सोपा होता. कुरेबायाशीनं पॅड घासून खरखरीत केले, कडा तिरक्या केल्या, डिस्कवरून पॉलिश पेपर फिरवला. बाकीचं ओगिवारांनी करायचं होतं. रोज सकाळी साहेबांना घ्यायला जाण्याआधी, गाडी रिकामी असताना, बंदराच्या रस्त्यावर जायचं, वेग घ्यायचा आणि ब्रेक जोरात दाबायचे. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. पॅड गरम होतील, चकाकी उतरेल.

पहिल्या दिवशी तो शेजारी बसून गेला. इवासे बंदराच्या गोदामांमागे रस्ता मोकळा होता, समुद्र राखाडी. ओगिवारांनी वेग घेतला आणि गाडी अलगद थांबवली.

"दाबा हो! समोर मांजर आलंय असं समजा."

"मांजर असतं तर मी मागच्या चौकातच हळू केलं असतं."

"मग धाकटे साहेब आलेत समजा."

ओगिवारा हसले नाहीत, पण पुढच्या वेळी पाय खाली गेला. कुरेबायाशीचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. दहाव्या फेरीपर्यंत ओगिवारांच्या टोपीखाली घाम आला होता. "कुणाला तरी मारल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

आवाज गेला. फेब्रुवारीभर गाडी इस्पितळाच्या दारात मुकाट उभी राहत होती आणि धाकट्या साहेबांनी व्हॅनचा विषय सोडून दिला. ओगिवारा रोज सकाळी बंदरावर जात. मासुझुशीचा, ट्राउट माशाच्या दाबलेल्या सुशीचा, एक गोल डबा ते गॅरेजात ठेवून गेले. "आवाज गेला तसे पाहुणेही गेले," फुमिए म्हणाली.

मार्चच्या सुरुवातीला ते पुन्हा आले. गाडी शांतपणे आत आली आणि ओगिवारांनी किल्ली काउंटरवर ठेवली.

"विकायची आहे. त्याआधी एकदा सगळं तपासून द्या, असं धाकट्या साहेबांनी सांगितलंय."

"पण ब्रेक तर..."

"ब्रेक उत्तम आहेत."

फुमिएनं खुर्ची पुढे केली. ते बसले आणि घडलं ते क्रमानं सांगितलं, अपघाताचा जबाब द्यावा तसं.

इस्पितळातून परतताना ओला बर्फ पडत होता. पुलाच्या उतारावर पुढची बस थांबली. अचानक नव्हे, भरपूर अंतर होतं. एरवी त्यांनी पुलाच्या माथ्यावरच पाय टेकवला असता. पण ते बसजवळ गेले आणि सकाळी दाबत होते तसाच ब्रेक दाबला. पायाला ते आपोआप जमलं होतं. साहेब पुढे गेले, पट्ट्यानं छातीशी अडले आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. तीस वर्षांत तसा आवाज ओगिवारांनी ऐकला नव्हता.

"मी गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, माफी मागितली. साहेब डोळे मिटून होते. बऱ्याच वेळानं 'चल' म्हणाले. घरी उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, 'ओगिवारा, तुझाही पाय म्हातारा झाला रे. मलाच कळायला हवं होतं. फार राबवलं तुला.' आणि रात्री स्वतःच मुलाला सांगितलं, व्हॅन मागव म्हणून."

"अहो, मग सांगायचं ना त्यांना!" फुमिए उसळली. "पाय म्हातारा नाही झाला, मुद्दाम दुसरी सवय लावली होती म्हणून! तुम्हाला जमत नसेल तर मी जाऊन सांगते."

"काय सांगाल, वहिनी? मी हळू थांबवायचो ते त्यांच्या पाठीमुळं, आणि गाडी ओरडायची तीही त्यामुळंच? म्हणजे सगळ्याला साहेबच कारण, असंच ना?" ते शांतपणे म्हणाले. "मी म्हातारा झालो असं त्यांना वाटतंय ते ठीक आहे. त्यात त्यांच्यावर काही येत नाही."

कुरेबायाशीनं किल्ली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "दाबायला मी सांगितलं होतं."

"तुम्हाला ब्रेक दुरुस्त करायला सांगितले होते. ते झाले."

फुमिएनं ओगिवारांपुढे चहाचा कप ठेवला. मग फुमिएनं विचारलं, "आता कोण नेतं त्यांना?"

"एजन्सीचा एक तरुण आहे. बरा आहे. वेळेवर येतो, नीट वाकून नमस्कार करतो."

"आणि थांबवतो कसा?"

ओगिवारांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "परवा मी इस्पितळाच्या खांबाआड उभा होतो. त्यांना दिसलो नाही. व्हॅनच्या आत धरायला दांडा आहे. फाटकातून आत आली तेव्हाच साहेबांनी तो धरलेला होता. दोन्ही हातांनी. ते तो घरापासूनच धरून येत असावेत."

मग त्यांनी पुढची ट्राम किती वाजता आहे ते विचारलं.