पूजेला बसलेलं मशीन

माझ्या सासऱ्यांनी, मुकुंदराव अप्पांनी, चौतीस वर्षं हुबळीच्या शाळेत गणित शिकवलं. निवृत्तीनंतर वर्षभर ते नुसते खिडकीशी बसून होते. मग एक दिवस अमरगोळच्या बंद पडलेल्या वखारीतून साडेतीनशे किलो लोखंड घेऊन घरी आले.

सुतारकामाचं जुनं मशीन होतं ते. एकाच धडावर रंधा, गोल करवत आणि भोकं पाडायची सोय.

"तीन कामं, एक मोटर!" अप्पा म्हणाले.

"आणि गंज किती?" वेणूबाईंनी विचारलं. या माझ्या सासूबाई; मी त्यांना आई म्हणते. परसातल्या शेडमध्ये त्यांना कपडे धुवायचं मशीन बसवायचं होतं, आणि तिथं हे येऊन बसलं.

सहा महिने अप्पा घासलेट आणि पॉलिशपेपर घेऊन त्याच्याशी झगडले. माझ्या लेकीला, भार्गवीला, कडेवर घेऊन मी दाराशी उभी राहायची. एखादा बोल्ट साफ झाला की ते तिच्यापुढं धरायचे. "बघ, आटे कसे दिसायला लागले!" आठ महिन्यांच्या भार्गवीला तो खायचा असायचा. पण अप्पा आता काम करताना शीळ घालायचे. ती शीळ मी वर्षभरात ऐकली नव्हती.

गणपती झाल्यावर आईंनी मुदत घातली. "खंडेनवमीच्या दिवेलागणीपर्यंत फिरलं नाही, तर नागेशच्या टेंपोत."

नागेश कमरीपेठेतला भंगारवाला. अप्पांनी मुदत मान्य केली आणि त्या दिवसापासून एक भाकरी कमी खायला लागले.

पाती धार लावून आली, बेअरिंग बदललं, राहिला होता फक्त मोटरचा पट्टा. तो मिळाला ऐन खंडेनवमीच्या सकाळी, जुन्या हुबळीतल्या एका दुकानात. नऊ वाजता पट्टा चढला. आता बटण दाबायचं, की झालं.

पण अप्पांना सभ्यपणा सुचला. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "वेणू, घरातल्या सगळ्या आयुधांची पूजा करतेस. आमच्या मशीनलाही दोन फुलं वाहा की. मग सुरू करतो."

मी पाट्यावर पुरण वाटत होते. डोळे मोठे करून खुणावलं, मान हलवली, शेवटी खोकलेसुद्धा. अप्पांनी विचारलं, "सर्दी झाली का गं?"

आईंनी मात्र लगेच ताट उचललं. अडकित्ता, विळी, मिक्सर, माझ्या नवऱ्याची, साकेतची, स्कूटर यांची पूजा झालीच होती. शेडमध्ये जाऊन त्यांनी मशीनवर गंधाचे पट्टे ओढले, कुंकू वाहिलं, शेवंतीची माळ घातली, दिसेल त्या भोकात फूल खोचलं. कोहळा फोडला. मग हात जोडून म्हणाल्या, "झालं. आता उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

अप्पांचं बोट बटणापासून वीतभर अंतरावर थांबलं.

"अगं, पण मुदत आज संपते!"

"हो ना."

"मग चालू कसं करू?"

"ते तुम्ही बघा. गणिताचे मास्तर ना तुम्ही?"

साकेतनं परिस्थिती पाहिली आणि त्याला मित्राकडचं तातडीचं काम आठवलं.

दिवसभर अप्पा शेडभोवती फेऱ्या घालत होते. दुपारी हळूच मला म्हणाले, "सूनबाई, हात न लावता वाऱ्यानं फिरलं, तर चालेल ना? टेबलफॅन आण बरं."

"अप्पा, टेबलफॅनलाही कुंकू लागलंय."

ते पायरीवर बसले. भार्गवीला मांडीवर घेतलं, पण शीळ घातली नाही.

पाच वाजता टेंपो आला. पुढं केळीचे खुंट, आरशाला हार. नागेश शेडपाशी आला, मशीन पाहिलं आणि आधी चपला काढून त्यानं नमस्कार केला.

"अक्का, हे मोडायचं?"

"हो." आईंचा आवाज जरा बारीकच झाला होता.

"पूजेला बसलेलं लोखंड? पाप मला लावता होय! आणि माझा काटा, घण सगळं आज पूजेत आहे. फोन केलात म्हणून आलो. मला वाटलं, होळगी खायला बोलावलंय."

"मग उद्या ये."

"उद्या दसरा! दसऱ्याला घरातली लक्ष्मी कोण बाहेर काढतं, अक्का?"

आई आत जाऊन तुपात भिजलेल्या दोन होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या, घेऊन आल्या. नागेशनं त्या पायरीवर बसून खाल्ल्या, "आयतु, झालं तर," म्हणाला आणि गेला.

"मुदतीचं काय?" अप्पांनी चाचरत विचारलं.

"पूजेचा दिवस धरायचा नसतो," आई म्हणाल्या. हा नियम त्यांनी तेव्हाच केला असावा.

दसऱ्याला सकाळी सातला अप्पांनी बटण दाबलं. मशीन खाकरलं, थरथरलं आणि त्यानं शेवंती उडवली. रंध्यातून, करवतीखालून, जिथून तिथून पाकळ्या. अप्पांच्या चष्म्यावर कुंकू, कपाळावर कोहळ्याची बी. पूजा बरीच खोल गेली होती. माझ्या कडेवर भार्गवी खदखदून हसली.

पाकळ्या संपल्यावर मशीन एकसुरात फिरायला लागलं. अप्पांनी सागाची फळी रंध्यावरून सरकवली. आईंनी ती हातात घेतली, तळवा फिरवला, मग उलटी करून पुन्हा फिरवला. टोचेल असं काहीच सापडेना.

त्यांनी भार्गवीला माझ्याकडून घेतलं, जमिनीवर उभं धरलं आणि पदराचं टोक तिच्या छातीपर्यंत लावून माप घेतलं.

"पांगुळगाड्याची दांडी एवढी उंच हवी," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या. उभे काय राहिलात?"

अप्पा शीळ घालत पेन्सिल शोधायला लागले.