दुसरं टेबल

वहिनीने कॉफीच्या भांड्याची तोटी उघडली, पहिला कप भरला आणि समोर धरला. रंगारीकाकांनी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हात कोटाच्या खिशात घालून ते सरळ पुढे निघून गेले. दर रविवारी उपासना संपली की पहिला कप त्यांचाच असे. जिन्यावरून उतरतानाच ते ओरडत, "वहिनी, माझा भरा!" आज जिना उतरले ते तोंडाला कुलूप लावूनच.

त्यांच्या मागून बाकीची मंडळीही तशीच गेली. चर्चच्या खालच्या त्या लांबट खोलीत, पलीकडच्या खिडकीशी, आज दुसरं टेबल मांडलेलं होतं. त्यावर पांढरा कपडा, दुसरं भांडं, कपांची रांग. टेबलामागे वहिनीची नणंद उभी होती आणि येईल त्याला मोठ्याने विचारत होती, "साखर किती?"

बारा वर्षं दोघी एकाच टेबलामागे उभ्या राहिल्या होत्या. एक ओतणार, दुसरी साखर-दूध बघणार. नणंद तिला वहिनी म्हणते म्हणून सगळं ल्यूथरन चर्चच तिला वहिनी म्हणू लागलं होतं, पाळकसाहेबसुद्धा. आता मात्र बुधवारपासून तिचं नाव बदललं होतं. आज बाकावर बसताना मागून तिने ऐकलं होतं, "आल्या मॅनेजरीणबाई."

बुधवारी कागद कारखान्याचं दुसरं मशीन बंद झालं. अडतीस जणांच्या हातात पत्रं पडली, आणि प्रत्येक पत्राखाली वहिनीच्या नवऱ्याची सही होती. अडतिसातले एकोणीस जण याच मंडळीतले. त्यातला एक नणंदेचा नवरा.

नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. वेदीवर जांभळं वस्त्र आलं होतं, हिरव्या पानांच्या चक्रातल्या चार मेणबत्त्यांपैकी एक लागली होती, आणि पाळकसाहेबांनी वाट पाहण्यावर उपदेश केला होता. तो ऐकताना वहिनी आणि तिचा नवरा मधल्या बाकावर दोघंच होते. पुढचा बाक रिकामा, मागचा बाक रिकामा. साथीचा रोग झालेल्या घराभोवती दोरी बांधावी तसं.

भांडं भरलेलंच राहिलं. नवरा जिन्याशी उभा होता, टोपी हातात घेऊन. वहिनी स्वतःच तीन कप प्यायली, उभ्या उभ्या, एकामागून एक. उरलेली मोरीत ओतली. दुपारभर तिची छाती धडधडत होती, आणि ती कॉफीने की रागाने हे तिला सांगता आलं नसतं.

"मी पुढच्या रविवारी येत नाही," नवरा घरी म्हणाला. तो बुटांना पॉलिश करत बसला होता.

"आणि घरी बसून काय करणार?"

"बसणार."

"यादी कुणी केली?"

"आकडा वरून आला. नावं मी घातली."

"भाऊजींचंही?"

त्याच्या हातातला ब्रश थांबला. "त्याचंही," तो म्हणाला आणि पुन्हा पॉलिश करू लागला, जो बूट आधीच चकचकीत झाला होता तोच.

वहिनी त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. जेवण वाढे, ताट आपटे. स्वतःच्या सख्ख्या बहिणीचं घर! आणि शिक्षा कुणाला, तर टेबलामागे उभ्या असणाऱ्या बाईला.

तरी दुसऱ्या रविवारी ती गेली, एकटी. न जाणं म्हणजे त्यांचं म्हणणं मान्य करणं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. कपाट उघडलं तर कप नव्हते. चांगले चाळीसच्या चाळीस कप पलीकडच्या टेबलावर. तिच्या वाट्याला कान तुटलेले सहा.

ती सगळ्यांच्या देखत खोली ओलांडून गेली.

"वन्सं, कप कुठे आहेत?"

"सहा ठेवलेत की. तुला किती लागणार?"

कोणीतरी फिसकन हसलं. कागद कापणाऱ्या कटरवरचा तरुण कामगार होता तो. कटर पहिल्या मशीनचा, म्हणून त्याची नोकरी वाचलेली. पण आवाज सगळ्यांत मोठा त्याचाच. बायकोला खुर्चीवर बसवून तो मित्रांना सांगत होता, "मॅनेजरच्या घरची कॉफी आपल्याला पचायची नाही बाबा."

"पचवायला आधी प्यावी लागते," वहिनी म्हणाली आणि आपल्या सहा कपांकडे परत आली.

पाळकसाहेबांनी मध्यस्थी करून पाहिली. एक कप नणंदेच्या टेबलावरून घेतला, एक वहिनीच्या, आणि दोन्ही हातांत दोन कप घेऊन खोलीच्या मधोमध उभे राहिले. बोलत राहिले, प्यायले एकही नाहीत.

"पाळकसाहेब, एक तरी संपवा," वहिनी म्हणाली. "दोन्ही गार होतायत."

तिसऱ्या रविवारी मेणबत्ती लावण्याची पाळी वहिनीच्या घराची होती. पाळ्यांची यादी दोन महिने आधीच दारामागे लागलेली. त्यातलं त्यांचं नाव कुणीतरी पेन्सिलीने खोडलं होतं, नीट, पट्टी लावून. वहिनीने ती रेघ बघितली, पर्समधून खोडरबर काढला नाही की कुणाला विचारलं नाही. वेळ आली तशी उठली आणि पुढे गेली.

आधीच्या दोन पेटवल्या, मग तिसरी, गुलाबी. काडी विझवून ती उभी राहिली. इथे गायकवृंदाने कडवं म्हणायचं असतं. गायकवृंद उभा होता, पुस्तकं उघडी होती, ऑर्गनचे सूर सुरू होऊन पुढे निघूनही गेले. पण गायकवृंद चालवणाऱ्या नणंदेने हात उचलला नाही. तिने हात उचलल्याशिवाय कुणी तोंड उघडत नसे. कडवं पाळकसाहेबांनी एकट्याने म्हटलं, चिरक्या आवाजात, सूर सोडून. मग वहिनी आपल्या बाकाकडे निघाली. आपल्या बुटांचा इतका आवाज होतो हे तिला आजवर माहीत नव्हतं.

खाली ती भांड्यामागे उभी राहून आपले सहा कप पुसू लागली. समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिने मान वर केली. भाऊजी होते, नणंदेचे यजमान. नणंद अजून वर गायकवृंदाचा झगा बदलत होती.

"द्या एक," ते म्हणाले.

खोलीतल्या माना वळल्या. वहिनीने कान तुटलेला कप भरून दिला. भाऊजींनी तो दोन्ही हातांत धरला आणि आवाज खाली आणला.

"वहिनी, दादांना लोक बोलतात, ते माझ्यामुळे."

"म्हणजे?"

"यादीत माझं नाव नव्हतं. त्या कटरवाल्याचं होतं. दुसऱ्या मशीनची माणसं पहिल्यावर घ्यायची आणि पहिल्यावरची नवी पोरं काढायची, असं ठरलं होतं. त्याच्या बायकोला सहावा महिना लागलाय. मी दादांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, त्याचं खोडा आणि माझं घाला. माझी पाठ अशीही गेलीय. निवृत्तीला चार वर्षंच उरली होती."

"आणि वन्संना?"

"तिला विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती."

"म्हणून विचारलंच नाही."

"हो."

दुसरी कुणी असती तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. वहिनीचं डोकं भणभणलं.

"वा! तुम्ही दोघं मोठे उदार. केबिनमध्ये बसून एकमेकांना शब्द दिलेत. आणि तीन रविवार इथे उभं कोण आहे? मी! तुमची बायको भर चर्चमध्ये माझी लाज काढते, आणि तुम्ही त्या टेबलावर साखर ढवळत बसता?"

"हळू बोला. त्या पोराला कळता कामा नये. आयुष्यभर मान खाली घालून फिरेल."

"पोराचं तुम्ही बघा. बायकोला पुढच्या रविवारच्या आत सांगा. नाही सांगितलंत तर मी सांगेन, आणि मी ते गोड करून सांगणार नाही."

भाऊजींनी कप रिकामा करून ठेवला. जिन्यावर नणंदेची पावलं वाजली तसे ते खिडकीकडे सरकले.

घरी वहिनीने कोटही न काढता नवऱ्याला विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"त्याला शब्द दिला होता."

"आणि मला दिलेले शब्द कुठे गेले?"

बाकीची सदतीस नावं त्याचीच होती, हे दोघांनाही ठाऊक होतं. एका नावाने तो धुऊन निघणार नव्हता, आणि तसं त्याने म्हटलंही नाही, हे एक त्यातल्या त्यात बरं.

"पुढच्या रविवारी माझ्याबरोबर यायचं," ती म्हणाली. "मी यापुढे एकटी उभी राहणार नाही."

चौथ्या रविवारी तो आला. गायकवृंदात नणंदेची जागा रिकामी होती. चारही मेणबत्त्या लागल्या, कडवं सुरू झालं, मध्येच अडखळलं, पुन्हा कसंबसं सावरलं. भाऊजी शेवटच्या बाकावर एकटेच बसले होते, दाढी न करता.

खाली दुसरं टेबल मांडलेलंच नव्हतं. ते मिटून भिंतीला टेकवलेलं होतं, आणि मंडळी खिशात हात घालून घोळक्याने उभी होती. वहिनीच्या टेबलाकडे यायचं तर मन होत नव्हतं आणि निघून जायचं तर कॉफीचा वास सुटला होता. नवरा खुर्च्यांच्या चळतीशी उभा राहिला. त्याच्याशी कुणी बोललं नाही. वहिनीने इकडेतिकडे पाहिलं आणि जिना चढून गायकवृंदाच्या खोलीत गेली.

नणंद कोट घालून, मांडीवर घडी केलेला झगा घेऊन बसली होती.

"आलीस?" ती म्हणाली. "बघायला आलीस ना?"

"सांगितलं त्यांनी?"

"काल जेवताना. घास हातात होता माझ्या." नणंदेने वर पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. "माझा भाऊ, माझा नवरा आणि तू. तिघांनी मिळून माझ्या घराचं ठरवलंत."

"मला गेल्या रविवारी कळलं."

"म्हणजे सात दिवस. सात दिवस तुला माहीत होतं, आणि मी घराघरांत फोन करत होते, वहिनीकडची कॉफी घेऊ नका म्हणून. एक फोन करता आला नाही तुला?"

"तुम्ही उचलला असता?"

वहिनी एक पाऊल पुढे आली.

"हात लावू नकोस मला."

"नाही लावत."

खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी खोकलं.

"कोण आहे तो?" नणंदेने विचारलं. "ज्याचं नाव खोडलं तो. हे सांगत नाहीत. रात्रभर विचारलं."

"मला माहीत नाही."

"चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलतेस."

"हो," वहिनी म्हणाली.

नणंद उठली, तिने झगा खुंटीला अडकवला आणि ती जिना उतरू लागली. वहिनी मागोमाग गेली.

नणंद सरळ टेबलामागे जाऊन उभी राहिली. "सरक," ती वहिनीला म्हणाली आणि तोटी आपल्या हातात घेतली. तिला तिथे बघून मंडळीला हायसं वाटलं. काय झालं, कसं झालं, कुणी विचारलं नाही. रांग लागली. रंगारीकाका पहिले.

वहिनी साखरेशी उभी राहिली. थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की नणंद कपाकडे बघतच नाहीये. ती ओतत होती आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. ज्यांना पत्रं मिळाली होती त्यांच्याकडे ओझरतं. ज्यांची नोकरी शाबूत होती त्यांच्याकडे खिळून. एकेकाला तपासून पुढे सोडत होती. खुर्च्यांशी उभा असलेला तिचा भाऊ तिच्याकडे बघत होता. त्याच्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

कटरवाल्याची बायको पुढे आली, पोटावरचा कोट एका हाताने सावरत. मागे तो, कुणाशी तरी हसत बोलत.

"मला अर्धाच, काकू."

वहिनीने मान खाली घातली. ती साखरेच्या भांड्यातला चमचा सरळ करू लागली, तो सरळच होता तरी. ओतण्याचा आवाज आला आणि थांबला. तिला वाटलं, आता पुढच्याचा कप येईल. पण आला नाही. तिने वर बघितलं. नणंद त्या मुलीकडे बघतच नव्हती. ती वहिनीकडे बघत होती, वहिनीच्या बोटांतल्या चमच्याकडे.

मग तिने दुधाचं भांडं ओढलं आणि उरलेला अर्धा कप दुधाने काठोकाठ भरला.

"खुर्ची आण तिला," ती कटरवाल्यावर ओरडली, इतक्या जोरात की त्याचं हसणं तोंडातच राहिलं. "बायकोला उभं ठेवून गप्पा काय मारतोस?"

तो खुर्ची आणायला धावला.

"काकू, मी अर्धाच म्हटलं होतं," मुलगी हळूच म्हणाली.

"ऐकू आलं मला," नणंद म्हणाली. "पुढचा कोण?"